दोन कॅमेऱ्यांची पारख

डिसेंबर लागला की परभणीहून ताडकळसकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या बाभळींना कापूस लागतो. वरपर्यंत भरलेले टेम्पो फांद्यांना घासून जातात आणि काट्यांवर पांढरे पुंजके अडकून राहतात. सकाळचं तिरपं ऊन त्यांच्यातून आरपार येतं. इकडचा उन्हाळा फोटोच्या कामाचा नाही. नऊ वाजताच उजेड पांढराफटक होतो आणि माणसांच्या डोळ्यांखाली काळे खड्डे पडतात. पण कापसाच्या वेचणीपासून ज्वारीच्या हुरड्यापर्यंतचे हे दीड-दोन महिने असे असतात की कशावरही कॅमेरा रोखला तरी फोटो चांगला येतो. कशावरही. ह्या शब्दाशी मी दरवर्षी अडतो.

परवा पुण्याहून मधुराचा, आमच्या मुलीचा फोन आला. तिला रोज पर्समध्ये ठेवता येईल असा छोटा मिररलेस कॅमेरा घ्यायचाय. दोन कॅमेऱ्यांवर गाडी अडली आहे. एक अगदी चपटा, जॅकेटच्या खिशात मावणारा. दुसरा त्याहून थोडा जाड, पण डोळा लावायची खिडकी असलेला. "बाबा, तुम्हीच सांगा," ती म्हणाली. मी म्हणालो, बघतो, विचार करून सांगतो. स्वयंपाकघरात मेथी निवडत बसलेल्या वैशालीने हात पुसून फोन घेतला.

"खिडकीवाला घे," ती म्हणाली. "उन्हात पडद्यावर काही दिसत न्हाई. आन् चपट्याचं बटन अंगठ्याला सापडत न्हाई, हात हलतो."

"आई, तुला हे कसं माहीत?"

"बघितलेत मी दोन्ही," वैशाली म्हणाली आणि पुन्हा मेथीकडे वळली.

मधुराला त्या हिवाळ्यातल्या आईच्या आजाराचं ठाऊक आहे. कॅमेऱ्यांचं आम्ही तिला कधी सांगितलेलं नाही.

चार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. मी बियाण्यांच्या एका प्रयोगशाळेत नोकरी करतो. उगवण किती टक्के, दाणा निरोगी की किडका, हे दिवसभर भिंगाखाली बघायचं काम. फोटोचा नाद त्याच्याही आधीपासूनचा. माझ्याकडे जुना मोठा कॅमेरा होता, त्याची पिशवी खांद्याला लावली की बाजारात लोक मला लग्नाचा फोटोग्राफर समजायचे. बाया पदर सावरायच्या, म्हातारे ताठ बसायचे, पोरं गोळा व्हायची. जे टिपायचं ते टिपायच्या आधीच नाहीसं व्हायचं. म्हणून मला छोटा कॅमेरा हवा होता. समोरच्याला कळायच्या आत फोटो झालेला असावा, एवढीच माझी अट होती. ही अट मी चारचौघांत अभिमानाने सांगायचो.

स्टेशनजवळ मुनीरभाईंचा स्टुडिओ आहे. पासपोर्टचे फोटो, लग्नं, बारशी करता करता ते कॅमेरेही विकू लागले. दोन महिने मी त्यांचं डोकं खात होतो. शेवटी वैतागून त्यांनी दोन्ही कॅमेरे डब्यातून काढून माझ्या हातात दिले.

"सर, वाचून कॅमेरा कळत न्हाई. तीन हप्ते, म्हंजी येकवीस दिवस, दोन्ही घेऊन जावा. येकाच चीजंचे दोन्हींनी फोटो काढा. मग कोणता कसा हाय ते आपोआप कळंल."

मी तसंच केलं. भाजीमंडईतल्या एकाच वांग्याच्या ढिगाचे दोन फोटो. ऑटोच्या एकाच आरशाचे दोन. बसस्टँडवर ऊसतोडीला निघालेली कुटुंबं बोचक्यांवर बसली होती, त्यातल्या एकाच बाईचे, एकाच क्षणाचे जमतील तसे दोन. घरी येऊन कॉम्प्युटरवर शेजारी शेजारी लावायचो. चपटा रंग गोड करत होता. खिडकीवाला जरा कोरडा, पण कडा चाकूसारख्या. पण वांगी आणि आरसे किती दिवस बघणार? मला चेहरा हवा होता. रोज, एकाच उजेडात, एकाच जागी मिळेल असा चेहरा.

आठव्या दिवशी सकाळी वैशालीला चूळ धरवेना.

ती बेसिनपाशी उभी होती. पाणी तोंडात घेतलं की उजव्या कोपऱ्यातून सांडत होतं. तिने तीनदा करून बघितलं. मग आरशात पाहिलं आणि मला हाक मारली, "अहो, इकडं या जरा." मी गेलो. चेहऱ्याची उजवी बाजू खाली उतरली होती. डोळा उघडा, भुवई निपचित, ओठ डावीकडे ओढलेला. मी घाबरलो, हे खरं आहे. ते लिहून ठेवतो, कारण पुढच्या गोष्टीत माझ्या बाजूचं दुसरं काही नाही.

शेजारच्या काकू म्हणाल्या, वारं लागलं. डॉक्टर म्हणाले, चेहऱ्याची नस सुजली आहे, मेंदूचं काही नाही. गोळ्या दिल्या, डोळ्यात टाकायचे थेंब दिले, झोपताना डोळा चिकटपट्टीने बंद करायला सांगितलं, आरशासमोर करायचे व्यायाम दाखवले. बहुतेकांचं भरून येतं, काहींना वेळ लागतो. "आठवड्याला एखादा फोटो मोबाईलवर काढून ठेवा," जाता जाता ते म्हणाले, "सुधारणा कळते."

वैशाली ताडकळसजवळच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरीचा वर्ग घेते. तिच्याबद्दल शाळेत एक गोष्ट सांगायचे. गोंधळ घालणाऱ्या वर्गाला गप्प करायला ती कधी ओरडली नाही. फक्त उजवी भुवई उचलायची. चाळीस पोरं जागच्या जागी बसायची. आता नेमकी तीच भुवई उचलत नव्हती. चार दिवस तिने रजा घेतली, पाचव्या दिवशी स्कार्फ बांधून बसने निघाली. मी म्हणालो, अजून थोडे दिवस थांब. ती म्हणाली, "चाचणीचे पेपर तपासायचे हायेत. तोंडानं तपासायचे न्हाईत."

त्या संध्याकाळी परत आली. मागच्या दारातून उन्हाचा एक पिवळा पट्टा आत आला होता, ती त्यातच खुर्ची ओढून बसली.

"पूजा म्हणून एक पोरगी हाय," ती सांगू लागली. प, फ, ब, म ही अक्षरं तिला तेव्हा नीट येत नव्हती, ओठ मिटत नव्हते. मी इथे तिचं बोलणं सरळ करून लिहितोय. "तिनं विचारलं, बाई, तुमी आसं तोंड कामून करायलात? मला हसू आलं. आन् हसले तर सगळं तोंड डावीकडं गेलं. मग अख्खा वर्ग हसला. त्यांना वाटलं, मी कुणाची तरी नक्कल करायलेय. मग सगळेच तसं तोंड करायला लागले. चाळीस पोरं."

हे सांगताना तिच्या उघड्या डोळ्यातून पाणी वाहत होतं. तो डोळा तसा सारखाच वाहायचा, त्यामुळे ती रडत होती की नाही हे सांगता येत नव्हतं. पाण्याच्या धारेवर ऊन पडलं होतं.

"थांब," मी म्हणालो. "तशीच थांब. मान हलवू नको."

ती थांबली. चेहऱ्यात मला काहीतरी नवीन, डॉक्टरांना सांगण्यासारखं दिसलंय, असं तिला वाटलं. हे तिने मला पुष्कळ नंतर सांगितलं. मी टेबलावरचे दोन्ही कॅमेरे घेतले. आधी चपटा, मग खिडकीवाला.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी साडेसातला पूर्वेच्या खिडकीशी खुर्ची मांडली जाऊ लागली. पावणेनऊच्या बसच्या आधी तासभर. मी म्हणायचो, हसून दाखव, गाल फुगव, भुवया वर कर, डोळे मीट. डॉक्टरांनी सांगितलेले व्यायामच होते ते, मी फक्त त्यांचा क्रम लावला. डोळे मिटायला सांगितलं की उजव्या डोळ्याचं बुबुळ वर सरकायचं आणि फटीत नुसतं पांढरं दिसायचं. आठवड्याला एक फोटो पुरला असता. मी रोज पन्नास-साठ काढत होतो.

एक गंमत, म्हणजे तेव्हा मला गंमत वाटलेली. दोन्ही कॅमेरे माणसाचा डोळा स्वतःच शोधतात आणि त्याच्यावर हिरवा चौकोन ठेवतात. चपटा नेहमी तिच्या चांगल्या डोळ्यावर जायचा. खिडकीवाला मात्र हटकून त्या न मिटणाऱ्या डोळ्यावर जाऊन बसायचा. मी तिला हे उत्साहाने सांगितलं. ती गाल फुगवायचा प्रयत्न करत होती, हवा उजवीकडून सुटत होती. "असं का," ती म्हणाली.

प्रयोगशाळेत मी दाणे बघतो तसा रात्रीच्या जेवणाआधी तिचा चेहरा बघायचो. दुप्पट मोठा, चौपट मोठा. पापणीचे केस सुटे दिसतात का. पाण्याची कडा कुठे फुटते. उतरलेल्या गालाची सावली किती खोल आहे. ती मागून जायची, यायची, ताटं घ्यायची. पडद्यावर तिचा अर्धा चेहरा भिंतीएवढा झालेला असायचा.

मग एका दुपारी मी ते केलं. परभणीतल्या आम्हा हौशी फोटोग्राफरांचा व्हॉट्सअ‍ॅपवर एक ग्रुप आहे. त्या पहिल्या संध्याकाळचे दोन फोटो मी शेजारी शेजारी जोडले, खाली एक आणि दोन असे आकडे टाकले आणि विचारलं, कोणता?

उत्तरं धडाधड आली. दोन नंबर, कातडीचा रंग बराबर. एकमध्ये डोळ्यातलं पाणी भारी आलंय. दोनच्या सावल्या बघा सर. एकाने लिहिलं, काय एक्स्प्रेशन दिलंय. कुणीतरी विचारलं, मॉडेल कुठून आणलं?

मी लिहिलं, "घरचंच हाय." आणि पुढे हसणाऱ्या तोंडाचं चित्र टाकलं.

तो फोटो, खालच्या उत्तरांच्या स्क्रीनशॉटसकट, कुणाच्या तरी मोबाईलवरून तिच्या शाळेतल्या एका शिक्षिकेच्या नवऱ्याकडे गेला, त्याच्याकडून तिच्याकडे, आणि दोन दिवसांनी मधल्या सुट्टीत डबे उघडता उघडता वैशालीसमोर आला. ती बाई वाईट नव्हती. "मॅडम, हे तुमीच का हो?" एवढंच तिने विचारलं. उत्तराची गरज नव्हती. बाकीच्यांनी मान वळवून तो फोटो बघितला आणि मग समोर बसलेली वैशाली बघितली. तीही पारखच होती.

घरी आल्यावर तिने स्कार्फ सोडला, घडी केली, कपाटात ठेवली. मग माझ्या समोर बसली.

"ग्रुपवर टाकलात तुमी."

"नाव न्हाई टाकलं."

"नाव कशाला लागतंय. तोंड हाय की त्याच्यात."

मी काहीतरी बोललो. कॅमेरा निवडायचा होता, लोकांची मतं घ्यायची होती, माझ्या मनात तसं काही नव्हतं. ती ऐकत राहिली. उजवा डोळा मिटत नसल्यामुळे ती पापणी न हलवता बघतेय असं वाटत होतं.

"मॉडेल कुठलं, असं विचारलं कुणीतरी. तुमी काय लिहिलं?"

मी टेबलावरच्या कॅमेऱ्याचा पट्टा गुंडाळू लागलो.

"सांगा की. मी वाचलंय. पण तुमच्या तोंडून ऐकू द्या."

"घरचंच हाय, असं लिहिलं."

"घरचंच हाय," ती म्हणाली. ह्या दोन शब्दांत ओठ मिटावे लागतील असं एकही अक्षर नाही. आजारी पडल्यापासून तिच्या तोंडून इतकं स्वच्छ काही आलं नव्हतं.

मुनीरभाईंना कॅमेरे परत द्यायला पाच दिवस उरले होते. मी ते डब्यात घालून ठेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला बघतो तर पूर्वेच्या खिडकीशी खुर्ची मांडलेली आणि वैशाली तिच्यावर बसलेली. केस विंचरलेले. आदल्या वर्षी दिवाळीला घेतलेली निळी साडी.

"काढा."

"आता नको. झालं ते झालं."

"तुमची पारख व्हायची हाय अजून. पाच दिवस हायेत. काढा."

ती न सांगता हसली. न सांगता गाल फुगवला, भुवया वर केल्या, डोळे मिटले. त्याच क्रमाने. मला नाही म्हणता आलं असतं. बाहेर निघून जाता आलं असतं, कॅमेरा जमिनीवर आपटता आला असता. मी डबे उघडले आणि फोटो काढले. पाचही दिवस ती बसली आणि पाचही दिवस मी काढले. आणि जे कबूल करायचं ते हेच आहे की त्या पाच दिवसांतले फोटो सगळ्यांत चांगले आले. ती थेट बघत होती. मी इतकी वर्षं लोकांच्या नकळत फोटो काढत आलो. सगळं कळत असलेला माणूस समोर बसला तर काय मिळतं हे मला तेव्हा दिसलं. बटन दाबताना मला तिच्याबद्दल वाईट वाटत होतं, आणि त्याच वेळी मी उजेड मोजत होतो.

कॅमेरे परत द्यायला ती माझ्याबरोबर आली. मी नको म्हटलं तर म्हणाली, "वापरलेत मी बी."

मुनीरभाईंनी कार्ड कॉम्प्युटरला लावलं. वांगी आली, आरसे आले, बोचक्यावर बसलेली बाई आली. मग वैशाली आली. ते एकेक फोटो पुढे करत गेले आणि हळूहळू त्यांचा हात मंदावला. चाळीस वर्षं लोकांचे चेहरे काढलेला माणूस. त्यांनी पडद्याकडचं तोंड वळवलं, माझ्याकडे मात्र बघितलं नाही.

"भाभी," ते म्हणाले, "हे पुसून टाकू का?"

"न्हाई. मला दाखवा."

त्यांनी खुर्ची दिली. तिने सगळे फोटो बघितले. घाई केली नाही. एक चपट्याचा, एक खिडकीवाल्याचा, पुन्हा मागे जाऊन चपट्याचा. दुकानात एक माणूस पासपोर्टच्या फोटोसाठी केस ओले करून थांबला होता, तोही तिच्या खांद्यावरून बघत होता. मी त्याला बाजूला हो म्हणालो नाही. मला तो अधिकार उरला नव्हता, असं म्हणणं सोपं आहे. खरं म्हणजे मला तिचं मत ऐकायचं होतं.

"हा घ्या," ती म्हणाली आणि खिडकीवाल्यावर बोट ठेवलं. "ह्याच्यात जसं हाय तसं दिसतं. त्या दुसऱ्यात मी बरी दिसते."

"मग दुसराच घ्या ना भाभी," मुनीरभाई म्हणाले.

"बरं दिसायची मला घाई न्हाई," वैशाली म्हणाली.

आम्ही खिडकीवाला घेतला. मुनीरभाईंनी तो नव्या डब्यात घालून दिला, कागदावर शिक्का मारला. फोटो पुसले की नाही हे मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. त्यानंतर रस्त्यात भेटले की ते मला सलाम करतात, पण "सर, नवीन काय काढलं," असं पूर्वीसारखं विचारत नाहीत.

संक्रांतीपर्यंत डोळा मिटू लागला. होळीला तिला पुन्हा शिट्टी वाजवता आली, ती तिने स्वयंपाकघरात एकटीने वाजवून बघितली आणि मी बाहेरून ऐकली. भुवई सगळ्यांत शेवटी उचलली. मधल्या काळात वर्गाला गप्प करायला ती छडी टेबलावर आपटायला शिकली होती, ती सवय राहिली. पोरं आता छडीला घाबरतात.

कॅमेरा मी रोज वापरतो. त्यात खोट काढायला जागा नाही. एकदा ताडकळसच्या रस्त्यावर मेंढरं चालली होती, धुळीत ऊन भरलं होतं, मागे एक म्हातारी काठी घेऊन चालत होती. मी बटन दाबलं. ती थांबली.

"कामून काढायलास रं फोटू?"

"असंच, आजी."

"असंच म्हंजी? कुणाला दावायचा हाय?"

मी कॅमेऱ्याचं झाकण लावलं. तिने जरा वाट बघितली, मग मेंढरांमागे निघून गेली. तो फोटो ग्रुपवर सगळ्यांना फार आवडला.

वैशालीने पुढच्या वर्षी मला आठवण करून दिली नाही. ज्या तारखेला तिला चूळ धरवली नव्हती, त्या तारखेला सकाळी साडेसातला खुर्ची खिडकीशी होती आणि ती खुर्चीत होती. "काढा," एवढंच म्हणाली. मी एक फोटो काढला. त्याच्या पुढच्या वर्षी तसंच. गेल्या वर्षी तसंच. आम्ही ह्याबद्दल बोलत नाही. एरवी आमचं बरं चाललंय. आम्ही एकत्र जेवतो, मधुराच्या लग्नाचं बोलतो, रविवारी बाजारात जातो, ती माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या लक्षात ठेवते. ग्रुप मी सोडलेला नाही. तिने सोडा म्हटलं नाही आणि मलाही सुटला नाही.

ह्या वर्षीची ती सकाळ गेल्या आठवड्यात झाली. ऊन चांगलं होतं. ती बसली, सरळ बघितलं, थोडीशी हसली. मी फोटो काढला आणि तिथेच उभ्या उभ्या पडद्यावर मोठा केला. ओठांचे कोपरे बघितले. सारखे होते. डोळ्यांच्या फटी सारख्या. भुवया एका रेषेत. मी परत ओठाकडे आलो आणि अजून मोठा केला. पहिल्या वर्षी हसताना ओठ थोडा ओढायचा, दुसऱ्या वर्षी अगदी बारीक, गेल्या वर्षी शोधलं तर सापडायचं. ह्या वर्षी काहीच नव्हतं. सगळं भरून आलं होतं. मला आनंद व्हायला हवा होता. पण मला जे वाटलं ते चांगला फोटो हुकल्यावर वाटतं तसं होतं, आणि ते वाटून झाल्यावरच मला कळलं की ते वाटलं.

ती केव्हा उठून माझ्या मागे आली, समजलं नाही.

"सापडलं का?"

"न्हाई," मी म्हणालो. माझा अंगठा अजून बटनावर होता. पडद्यावर तिचा गाल हळूहळू सरकत होता.

"तरी शोधायलात," ती म्हणाली, आणि स्कार्फ बांधून बस गाठायला निघाली.